बाबांच्या ओळखीची पडवी

खालची वाडी, ता. मालवण
१७ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यांना अनुजाचा नमस्कार.

फोन केला तर तुम्ही "कोण? कोण?" करून ठेवून देता, म्हणून हे पत्र. आणि बाबांच्या देखत त्यांच्याविषयी फोनवर बोलवतही नाही. बाकी काही कळो न कळो, आपल्याबद्दल कुजबुज चालली आहे हे त्यांना बरोबर कळतं.

मला तुमच्याकडून एक माहिती हवी आहे. दिवाळीत सुदेशने पडवी नवी केली ते तुम्हाला ठाऊक आहे. शेणाची जमीन गेली, पांढऱ्या टाइल्स आल्या, पुढे लोखंडी ग्रिल, वर निळे पत्रे. बाबांना ओल लागू नये म्हणून मुंबईला बसून किती दिवस त्याने हे मनात धरलं होतं. पण झाल्यापासून चौथ्या दिवशी बाबा संध्याकाळी छत्री घेऊन उठले आणि म्हणाले, "माका घराक जावचा आसा." मी म्हटलं, बाबा, हेच घर. तर म्हणाले, "ह्या आमचा घर न्हय. आमची पडवी अशी नाय. आवस वाट बघता."

तेव्हापासून रोज. उन्हं उतरली की आईकडे जायला उठतात. माणसांची नावं ते वर्षभर विसरतच होते, पण घर विसरले नव्हते. कणकवलीचे डॉक्टर म्हणाले, जुनं तेवढंच आता शिल्लक आहे, लहानपणीच्या ओळखीच्या गोष्टी डोळ्यांसमोर ठेवून बघा. आता तुमच्या लहानपणीची पडवी कशी होती हे तुमच्याशिवाय कोण सांगणार? घर त्याच जोत्यावर आहे.

सुदेश पाडव्याला येतो आहे. हे तोवर थांबलं नाही तर बाबांना घाटावरच्या एका संस्थेत ठेवायचं त्याने ठरवलं आहे. फॉर्म भरून तयार आहे. तो मुलगा असून तयार आहे, मी सून असून मला ते नको आहे. तिकडे ते कोणाला ओळखतील? पण मी एकटी, आणि माझ्याकडे ब्लाउज शिवून साठवलेले काही पैसे, एवढंच भांडवल. टाइल्सना हात लावला तर सुदेशचं मन मोडेल. तेव्हा स्वस्तात आणि वरच्या वर काय करता येईल तेवढं कळवा. लवकर कळवा.

तुमची,
अनुजा

वेंगुर्ले
२१ फेब्रुवारी

चि. अनुजास आशीर्वाद.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. काशी घर विसरला हे वाचून जेवण गेलं नाही. तो माझ्यापेक्षा चार वर्षांनी धाकटा. मी एक्क्याऐंशीची, अजून काजूच्या बिया कोणाच्या किती हे सांगते, आणि त्याने असं करावं?

पहिलं म्हणजे सुदेशला माझा निरोप दे की शहाणपणाला सीमा असते. कोकणात पडवीला ग्रिल? आत माणसं आहेत की माकडं?

आता लिहून घे. आमची पडवी अख्ख्या वाडीत उठून दिसायची. जमीन तांबडी, गुळगुळीत, तोंड दिसेल अशी. मधोमध झोपाळा. दोन्ही बाजूंना क्रोटनच्या कुंड्या, मोजून अकरा. वाशांना काचेच्या हंड्या. दाराला आंब्याचं तोरण तर असायचंच, पण फाल्गुन लागला की खांबांनाही आंब्याच्या डहाळ्यांचे टाळ बांधायचे. कोपऱ्यात आरामखुर्ची आणि तिच्याशेजारी पान थुंकायला पितळेचं तस्त. येणारा जाणारा थबकून बघायचा.

पैसे नाहीत म्हणून रडू नकोस. हौस असली की हात चालतात. घरातली जुनी फळी काढ, सुंभाने बांध, झाला झोपाळा. रंगाचे रिकामे डबे गेरूने रंगव, झाल्या कुंड्या. क्रोटनची फांदी कोणीही देतं, ते काय सोनं आहे? लोणच्याच्या बरण्यांत पणत्या सोड, त्याच हंड्या. जमिनीला तांबड्या हुरमुंजीचा हात दे.

काशी माझं नाव काढतो का कधी? सहज विचारते.

शुभदाआत्या

खालची वाडी
२ मार्च

ती. आत्यांना नमस्कार.

तुमची यादी मी शिलाई मशीनच्या वर चिकटवली आहे. फळी मिळाली, सासूबाईंच्या पापडाची. सुंभ शेजारच्या गुरुदासने वळून दिलं. हा गुरुदास देवासारखा माणूस, माडावर चढतो आणि बाबांवर नजर ठेवतो. वरून त्याला सगळी वाडी दिसते. "वयनी, म्हातारे बाहेर सरले," असं माडावरून ओरडतो, की मी मशीन टाकून धावते.

कुंड्या सात झाल्या. डबे मिळत नाहीत. अकराच हव्यात का? सातांवर ओळखणार नाहीत का बाबा? असे प्रश्न मी दिवसभर स्वतःलाच विचारत असते. काल एका ब्लाउजच्या दोन्ही बाह्या उजव्या शिवल्या.

हुरमुंजीचं मात्र हसं झालं. टाइल्सवर रंग धरेना. वाळल्यावर बरा दिसला म्हणून मी खूश, आणि बाबा त्यावरून चालत आत गेले तर माजघरभर तांबडी पावलं. त्यांनी ती बघितली आणि मलाच विचारलं, "कोण इला?" मी सांगितलं, लक्ष्मी आली. तर म्हणाले, "मगे तिका चाय दी." मी हसले, आत्या, आणि मग मोरीत जाऊन रडले. आता रंगात थोडा फेव्हिकॉल घालून बघणार आहे.

तुमचं नाव काढतात का विचारलंत. "शुभी" म्हणतात. शुभी पाण्याला गेली, शुभी अजून आली नाही, असं. तुम्हीच ना त्या?

एक विचारायचं राहिलं. आजेसासूबाई झोपाळ्यावर बसायच्या का? कुठल्या बाजूला? त्यांचं एखादं लुगडं सापडलं तर तिथे घडी करून ठेवीन म्हणते. बाबा सारखं आईबद्दलच बोलतात.

आता अठ्ठावीस दिवस राहिलेत.

अनुजा

वेंगुर्ले
६ मार्च

चि. अनुजास आशीर्वाद.

शुभी मीच. ह्या नावाने हाक मारणारा तो एकटाच उरला आहे.

कुंड्या अकराच हव्यात. सात म्हणजे गरिबाघरचा सत्यनारायण. आरामखुर्ची जमली का ते तू लिहिलंच नाहीस. नसेल तर माझ्या सुनेच्या माहेरी एक मोडकी आहे, सांगावा धाडते. तिला नवं कापड लावायला तुला किती वेळ लागणार, शिंपीणच तू.

आई झोपाळ्यावर बसायची की नाही, कुठल्या बाजूला, ह्या नको त्या चौकशा. बायका तेव्हा बसायच्या कुठे? कामं असायची. लुगडं वगैरे काही ठेवू नकोस. तुला सांगितलेलं तेवढं कर आणि हंड्या विसरू नकोस.

तो शेवटी ओळखेलच. रक्ताची ओढ असते. माझं मन सांगतं.

शुभदाआत्या

खालची वाडी
१५ मार्च

आत्या,

नमस्कार लिहायचं भान नाही, माफ करा.

होळीच्या दिवशी सगळं पुरं झालं. अकरा कुंड्या, हंड्या, टाळ, झोपाळा, तुमची आरामखुर्ची, तांबडी जमीन. ग्रिल दिसू नये म्हणून मी त्यावर माडाच्या झावळ्यांची चुडतं बांधली. गुरुदासची बायको म्हणाली, "लगीन आसा की काय गो तुमच्याकडे?" मलाही वाटलं, जमलं. बाबांना आंघोळ घालून, नवा सदरा घालून मागच्या दाराने, वळसा घालून, अंगणातल्या खळ्यात नेलं आणि समोरून पडवी दाखवली.

आत्या, त्यांनी ओळखली. पण कशी ते सांगते. त्यांनी चपला काढल्या. छत्री काखेतून काढून खाली ठेवली. हात जोडले आणि पायरीच्या खाली उभे राहिले. मी म्हटलं, चला बाबा, झोपाळ्यावर बसा. तर माझा हात झिडकारून हळूच म्हणाले, "ही भाटकाराची पडवी. हय चढूचा नाय. मारतले."

दोन तास ते उन्हात उभे होते. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस. पाणी दिलं तर ओंजळ पुढे केली, पेला हातात धरेनात. मी पडवीवरूनच, न शिवता, वरून पाणी ओतावं अशी ती ओंजळ होती. मला काय करावं सुचेना. मी गुरुदासला बोलवायला वळले तेवढ्यात ते चालू लागले.

खाडीत सापडले. गुडघ्याच्या वर चिखल आणि भरती लागलेली. गुरुदास आणि आणखी दोघांनी काढलं. "आमचा घर पलीकडे," म्हणत होते.

आणि एक कबूल करते. हे दुसऱ्यांदा झालं. फेब्रुवारीत, मी तुम्हाला पहिलं पत्र लिहिलं त्याच्या आदल्या आठवड्यात, ते असेच खाडीत गेले होते. मी तुम्हाला कळवलं नाही, तुम्ही घाबराल म्हणून. सुदेशला मात्र कळलं, म्हणून ती संस्था. आता ह्या वेळचंही त्याला कोणीतरी सांगितलं आहे. काल फोनवर तो ओरडला नाही, त्याची मला जास्त भीती वाटली. फक्त म्हणाला, पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी सांगितली आहे.

मी ग्रिलला कुलूप लावलं आहे. बाबा आतून गज धरून उभे राहतात. मला बघवत नाही.

आत्या, हा भाटकार कोण? तुम्ही मला कोणाची पडवी सांगितलीत?

अनुजा

वेंगुर्ले
१८ मार्च

अनुजा,

भाटकार म्हणजे माडबागेचा मालक. आमची झोपडी त्याच्या बागेच्या कडेला होती. झोपाळा त्याचा, हंड्या त्याच्या, अकरा कुंड्याही त्याच्याच. मी त्या रोज पायरीखालून मोजायची, म्हणून आकडा पक्का.

लग्न होऊन इथे आले तेव्हा सासरची माणसं विचारायची, माहेर कसं आहे. सोळा वर्षांची पोर होते. ती पडवी माझी म्हणून सांगितली. एकदा सांगितली की ती राखावी लागते. झाकली मूठ सव्वा लाखाची. पासष्ट वर्षं झाकली, मुलांना सांगितली, सुनांना सांगितली, आणि शेवटी शेवटी मलाच खरी वाटायला लागली होती. तुझं पत्र आलं तेव्हा खरं लिहायला बसले होते. लिहून फाडलं. ह्या वयात भावाच्या सुनेपुढे नाक कापून कशाला घ्यायचं, असा विचार केला. माझ्या नाकापायी माझा भाऊ उन्हात हात जोडून उभा राहिला. मला क्षमा मागायलाही तोंड नाही.

आता खरं लिहिते.

आमच्या पडवीत काहीच नव्हतं. जमीन शेणाची. एका बाजूला भिजवलेल्या चुडतांचा ढीग, कारण आई भाटकारासाठी छपराची झापं विणायची. त्या ओल्या चुडतांना एक आंबूस वास येतो, तो आमच्या पडवीचा वास. काशी त्याच ढिगावर झोपायचा. चार वर्षांचा असल्यापासून तोही विणायचा, आईच्या समोर बसून, एक टोक तिच्याकडे, दुसरं ह्याच्याकडे. भिंत लाल मातीची, तिच्यावर आई शिमग्याला तांदळाच्या पिठाची बोटं उठवायची, पाची बोटं बुडवून, खालपासून तिचा हात पुरेल तिथपर्यंत. ह्या दिवसांत सुरंगी फुलायची. तिची फुलं गजऱ्यासारखी गुंफून आई मालवणच्या बाजारात न्यायची, आणि विकून उरलेले वळेसर खुंटीला. तेवढीच काय ती शोभा. बाजारातून ती उन्हं उतरताना परत यायची. म्हणून तो त्या वेळेला उठतो.

टाइल्सवर शेण ठरणार नाही, हुरमुंजीसारखंच होईल. आधी गोणपाट पसर, दुहेरी. त्यावर लाल माती भिजवून चार बोटं थर दे, चोपण्याने चोप, दोन दिवस सुकू दे. भेगा पडतील, त्या मातीच्याच पाण्याने भर. मग शेण, आणि हात अर्धगोल फिरव, सरळ नको. टाइल्स खाली जशाच्या तशा राहतील. ह्याला पैसा लागत नाही, कंबर लागते.

सुरंगी मी इथून एस.टी.ने पाठवते. आमच्या इकडे झाडं आहेत. पाडव्याच्या आधी दोन दिवस सकाळच्या गाडीवर कोणाला तरी उभं कर.

मी स्वतः यावं तर तो म्हातारीला ओळखणार नाही. त्याची शुभी बारा वर्षांची आहे.

शुभी

खालची वाडी
३१ मार्च

ती. आत्यांना अनुजाचा नमस्कार.

सुरंगी पोचली. डबा उघडला आणि ड्रायव्हरसुद्धा म्हणाला, बाई, पुढच्या खेपेला माझ्या केबिनमध्ये ठेवा.

झोपाळा, कुंड्या सगळं मी एका दिवसात उतरवलं. माती चोपताना गुरुदासच्या बायकोने हात लावला, नाहीतर मी मोडले असते. तुम्ही म्हणालात तशी भेग पडली, अगदी दारासमोर. तीन वेळा भरली. शेणाचा हात अर्धगोल येईना, तुमच्या भावाने आतून बघितलं आणि नाक मुरडलं. पिठाची बोटं मी उठवली. माझा हात कदाचित आजेसासूबाईंपेक्षा वर पोचला असेल, तेवढी चूक सांभाळून घ्या. ग्रिलच्या आतून मी झापं लावली आणि ग्रिलचं दार पूर्ण काढून गुरुदासकडे नेऊन ठेवलं. कुलूप लावायला दारच नको, म्हटलं. फार भीती वाटत होती.

शुक्रवारी त्यांना बाहेर आणलं. कोपऱ्यात चुडतं भिजवलेली होती, खुंटीला वळेसर होते. ओळखलं, आनंद झाला, असं काही मला दिसलं नाही. चुडतांशेजारी मांडी घालून बसले, एक पात उचलली, दुसरी तिच्याखालून घेतली आणि विणायला लागले. आत्या, ज्यांना सदऱ्याची बटणं लागत नाहीत त्यांचे हात असे चालत होते की मी बघत राहिले. उन्हं उतरली. मी दाराच्या चौकटीला घट्ट धरून उभी. ते उठले नाहीत. शनिवारीही उठले नाहीत.

पाडव्याला सकाळी सुदेश आला. गुढी उभारली, माझ्याशी दोन शब्द बोलला, ते गाडीच्या वेळेबद्दल. टाइल्स कुठे गेल्या हे त्याने विचारलंही नाही, पायाने माती चाचपून बघितली फक्त. दिवसभर तो आत बाबांचे कपडे भरत होता. मी भांडले नाही. मी म्हटलं, संध्याकाळपर्यंत थांब आणि बाहेर येऊन बस, मग काय ते ठरव.

उन्हं उतरल्यावर तो पडवीत आला आणि समोर मातीवरच बसला. बाबांनी मान वर केली. त्याची पँट, शर्ट, मनगटावरचं घड्याळ सगळं निरखलं. मला वाटलं, ह्यालाही भाटकाराचा माणूस समजतात की काय. तसंच झालं. म्हणाले, "आवस घराक नाय. झापां उद्या मिळतली." सुदेशने झापाचं मोकळं टोक उचलून धरलं, कारण ते सुटत होतं. बाबांनी बघितलं आणि विणत राहिले. दोघं समोरासमोर, किती वेळ कोण जाणे. सुदेशचे डोळे वाहत होते. पुसायला हात मोकळा नव्हता.

मग बाबांनी काम थांबवलं आणि त्याला म्हणाले, "दमलेलो दिसतंस रे. खंयचो तू? काळोख पडाच्या आदी घराक जा. तुझी आवस वाट बघत असतली."

सुदेशने त्यांचे पाय शिवले. "होय, जातंय," म्हणाला आणि उठून खळ्यात उतरला. घराला वळसा घालून मागच्या दाराने आत आला, आणि भरलेली बॅग उघडून बाबांचा एक एक सदरा परत खुंटीवर लावत बसला.

अनुजा